घाबरलेल्या माणसाची वेबसाइट

आम्ही वेबसाइट बनवणारी माणसं अधूनमधून बंगळूरच्या कोरमंगलातल्या एका कॅफेत जमतो. कुणी नवीन आलं की त्याला हमखास विचारतात, “कामातलं काय जमत नाही? काय सुधारायचंय?” कुणी म्हणतं रंग. कुणी म्हणतं कोड लिहिणं. एखादी प्रामाणिक मुलगी म्हणते, क्लायंटला ‘नाही’ म्हणणं. माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, “गप्प बसणं.” सगळे हसले. मी गंमत करते आहे असं त्यांना वाटलं.

मी मूळची निपाणीची. आमच्या घरात कुणी घटकाभर गप्प बसलं तर आई कपाळाला हात लावून ताप बघायची. तरी मी या धंद्यात आले, आणि या धंद्यात गप्प बसण्यावाचून गत्यंतर नाही.

बाहेरच्या माणसाला वाटतं, वेबसाइटचं डिझाइन म्हणजे छान चित्रं आणि छान अक्षरं. ते असतंच. पण खरं काम दुकान मांडण्याचं. माणूस आत आला की त्याची नजर कुठे जाईल, हात कुठे जाईल, तो कुठे अडखळेल, हे आधी ओळखायचं. आणि आपण बरोबर ओळखलं का, हे कळायचा एकच रस्ता. एका परक्या माणसाच्या हातात फोन द्यायचा, त्याला एखादं काम सांगायचं आणि शेजारी बसून नुसतं बघायचं. मदत करायची नाही, सुचवायचं नाही, हुं की चूं करायचं नाही. आपण बोललो की चाचणी संपली, कारण आपण काही प्रत्येक गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन शेजारी बसणार नसतो. इडलीचं तयार पीठ विकणाऱ्या एका बाईंची वेबसाइट केली होती, तेव्हा एक आजोबा खालचं ठसठशीत हिरवं बटण सोडून नारळाचं चित्र दाबत बसले होते. दाबतायत, वाट बघतायत, पुन्हा दाबतायत. मी ओढणीचं टोक दातात धरून बसले होते.

हे सगळं आधी सांगायचं कारण, मला आता रुद्रप्पाची गोष्ट सांगायची आहे.

रुद्रप्पा साप पकडतो. मूळ चिकोडीचा, म्हणजे आमच्याच बाजूचा. वनखात्याचा परवाना आहे. बेळ्ळंदूर, सर्जापूर रोड, व्हाइटफील्ड या पट्ट्यात तळ्यांच्या काठाकाठाने जे टॉवर उठले त्यांत साप निघाला की याला फोन जातो. साप निघाला म्हणायचं, पण खरं तर साप तिथेच होते, निघालो आपण. कुणाकडून तरी माझं नाव ऐकून तो घरी आला, कापडी पिशवी खुर्चीच्या पाठीला अडकवली आणि म्हणाला, “अक्का, मला वेबसाइट पाहिजे.”

मी चहा ठेवायला उठले तेव्हा पिशवी हलली.

“ते काय?” मी विचारलं.

“काही न्हाई हो अक्का. सोडायला जाऊलालोय. तुमचं माझं बोलणं होऊ दे आधी. त्याला घाई न्हाई.”

मी सापाला भयंकर भिते. हे तेव्हाच सांगून मोकळी झाले असते तर पुढचं काही घडलंच नसतं. पण मी आपल्या बाजूचा माणूस भेटला या आनंदात होते. पिशवीकडे पाठ करून चहा केला आणि त्याचं म्हणणं ऐकलं.

त्याला हवी होती ती वेबसाइट अशी. उघडली की आधी सगळा स्क्रीन काळा. मग अंधारातून फणा काढलेला नाग वर येणार. मग फुत्कार. मग रुद्रप्पाचा फोटो, मग त्याचं चरित्र, मग मिळालेले सत्कार, मग सापांविषयीचे गैरसमज, आणि सगळ्यांच्या तळाशी फोन नंबर.

“रुद्रप्पा,” मी म्हटलं, “तुझी वेबसाइट उघडणार कोण? ज्याच्या घरात साप निघालाय तोच ना? त्याच्यासमोर एक साप आधीच आहे. दुसरा फोनमध्ये कशाला?”

“मग त्याला कळायचं कसं, की हा सापाचाच माणूस हाय म्हणून?”

यावर माझ्याकडे उत्तर होतं, पण त्याचा चेहरा बघून मी थांबले. तो पुढे म्हणाला, “अक्का, मी साप धरायला जातो तवा मला सामानाच्या लिफ्टनं पाठवतात. साप पिशवीत टाकला की दार बंद. नाव कुणी विचारत न्हाई. गावाकडं लोक गारुडी म्हणतात. एकदा हे सगळं फोनवर दिसलं पाहिजे. रुद्रप्पा कोण, काय.”

आता सांगा, ‘नाही’ कसं म्हणायचं? मी त्याला पाहिजे तशी वेबसाइट करून दिली. चरित्र त्याने व्हॉट्सॲपवर बोलून पाठवलं होतं, अर्धं कानडी, अर्धं मराठी. ते मी नीट लिहून काढलं. मग त्याला एवढंच पटवलं की लोकांना देण्याआधी आपण चाचणी घेऊ.

पहिली चाचणी आमच्या सोसायटीतल्या एका पुण्याच्या मुलीवर घेतली. आयटीतली हुशार मुलगी. तिला म्हटलं, समज, घरात साप आहे आणि तुला या माणसाला बोलवायचंय. तिने फोन हातात घेतला. नाग वर आला. फुत्कार झाला. मुलीने किंकाळी फोडून फोन सोफ्यापलीकडे फेकला आणि वर माझ्यावरच ओरडली, “काकू, आधी सांगायचं ना!”

रुद्रप्पा तिथेच बसला होता. तो नाराज झाला. “नाग इतका छान आलाय,” तो म्हणाला. पण फुत्कार काढायला तयार झाला. नाग थोडा लहान केला. फोनचं बटण थोडं वर आणलं. पुढे तो सरकेना. वरून म्हणाला, “ती पोरगी उगा बसल्या बसल्या घाबरली. खऱ्यासारखा साप समोर पाहिजे. मग माणूस फोनातल्या सापाला भीत न्हाई.” आणि दुसऱ्या दिवशी बाजारातून एक रबरी साप घेऊन आला. तो रंग त्याला पसंत पडला नाही, असला साप जगात नाही म्हणाला, म्हणून त्याने स्वतः ब्रशने रंगवून त्याची धामण केली. ती इतकी हुबेहूब झाली की मी ती पिशवीत टाकतानासुद्धा चिमट्याने धरली.

पुढची चाचणी परचुरे काकांवर.

परचुरे काका सर्जापूर रोडवरच्या एका मोठ्या कॉम्प्लेक्समध्ये मुलाकडे राहतात. तळमजल्यावरचा फ्लॅट, बाहेर छोटी बाग, पलीकडे कुंपण, कुंपणापलीकडे गवत. काकांनी पुण्यात जन्मभर विमा कंपनीसाठी सर्व्हेयरचं काम केलं. कुठे आग लागली, चोरी झाली, की जाऊन बघायचं, खरोखर लागली का लावली. त्यामुळे कुठलीही गोष्ट खरी आहे हे ते सहजासहजी मानत नाहीत. मी रबरी सापाचं सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “आधी सांगितलंत ते बरं केलंत, शैलाताई. फसवून घेतलेली साक्ष ग्राह्य नसते.”

सकाळची वेळ. मुलगा आणि सून व्हाइटफील्डला ऑफिसला गेलेले. काकू स्वयंपाकघरात. रुद्रप्पाला बेळ्ळंदूरहून कुणाचा तरी फोन आल्यामुळे तो तिकडे गेला होता, पण काकांनी बटण दाबलं की त्याने तिथूनच फोन उचलायचा, तेवढीच त्याचीही तालीम, असं आमचं ठरलं होतं.

मी काकांच्याच फोनवर वेबसाइट उघडून तो त्यांच्या हातात दिला. वाचायचा चष्मा त्यांनी लावला. मी नेहमीचं सांगितलं. “काका, समजा घरात साप आहे. तुम्हाला या माणसाला बोलवायचंय. मनात येईल ते मोठ्याने बोला. मी मात्र काही बोलणार नाही. तुम्ही काही विचारलंत तरी नाही.”

“समजलं. तुम्ही निरीक्षक.”

मी मांडीवर पिशवी घेऊन बसले. रबरी साप काढून टीपॉयखाली ठेवायचा, एवढंच बाकी होतं. पिशवीत हात घातला आणि बागेच्या दारापाशी ठेवलेल्या चपलांच्या स्टँडकडे माझं लक्ष गेलं. तिथून एक साप खाली उतरत होता. सावकाश. जशी एखादी वस्तू ओघळावी तसा.

काकांनीही पाहिला. वाचायच्या चष्म्यातून त्यांना लांबचं धूसर दिसतं. “अरे वा,” ते म्हणाले, “ठेवलात वाटतं. मला कळलंसुद्धा नाही.”

मी तोंड उघडलं. आवाज आला नाही. नियम पाळायचा म्हणून नव्हे, आवाजच नव्हता. मी पिशवीतला रबरी साप बाहेर काढला आणि काकांसमोर धरून हलवला. माझं म्हणणं स्पष्ट होतं, की काका, खोटा हा आहे.

काकांनी कौतुकाने मान हलवली. “दोन आणलेत!”

आणि ते खुर्चीतून उठून खऱ्या सापाकडे निघाले. जवळ जाऊन, गुडघ्यांवर हात टेकून वाकले. जन्मभराची सवय, लांबून शेरा मारायचा नाही. मी हातवारे करत होते. ते मला म्हणाले, “नाही, तुम्ही सुचवू नका. मी बघतो.” मग फोनकडे वळले. “आता हा नाग कशाला दाखवलाय? हं, असू दे. खाली... हे बटण आहे वाटतं. फोन करा. ठीक.”

फोन लागला. काकांनी तो स्पीकरवर टाकला. पलीकडून हॉर्नचा कल्लोळ आणि त्यातून रुद्रप्पाचा आवाज. खास चाचणीसाठी राखून ठेवलेला, आकाशवाणीसारखा. “नमस्कार. मी रुद्रप्पा. घाबरू नका. साप कुठं हाय?”

“चपलांच्या स्टँडपाशी,” काका म्हणाले.

“लई छान. रंग?”

“पिवळट तपकिरी. शेपटीकडे काळे पट्टे.”

“बरोबर,” रुद्रप्पा समाधानाने म्हणाला. तो स्वतः रंगवलेल्या सापाचीच परीक्षा घेत होता.

मी खुर्चीवर उभी राहिले होते. सगळा जोर एकवटून मी ओरडायचा प्रयत्न केला. बाहेर पडलं ते एवढंच, “रु... रु...”

“अक्का,” फोनमधून रुद्रप्पा म्हणाला, “तुम्ही बोलायचं न्हाई की हो. नियम तुमचाच.”

“बरोबर आहे त्यांचं,” काका म्हणाले.

घरात एक माणूस खरा साप बघत होता आणि त्याला तो रबरी वाटत होता. फोनवर सापांतला जाणकार होता आणि त्यालाही तो रबरी वाटत होता. खरं काय ते मला एकटीला माहीत होतं, आणि मी कामाच्या शिस्तीत गप्प बसले आहे अशी दोघांचीही खात्री होती.

तेवढ्यात काकू पोह्यांची बशी घेऊन दारात आल्या. त्यांनी साप बघितला. त्यांच्या डोळ्यांवर लांबचा चष्मा होता. त्या ओरडल्या नाहीत, पोहे सांडले नाहीत. बशी घेऊनच त्या मागच्या मागे वळल्या, पुढचं दार उघडून बाहेर गेल्या आणि बाहेरून कडी लावली. नंतर मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, “अहो, बाहेर मुलं खेळत होती. साप बाहेर गेला असता म्हणजे?” आम्ही दोघं आत आहोत हे लक्षात होतं का, असं विचारलं. म्हणाल्या, “होतं ना. पण तुम्ही मोठी माणसं.”

इकडे काका रुद्रप्पाला म्हणत होते, “कारागिरी उत्तम आहे. विशेषतः ती जीभ. बाहेर येते, आत जाते. बॅटरीवर आहे का?”

रुद्रप्पा बोलला तेव्हा त्याच्या आवाजातली आकाशवाणी गेली होती.

“सर, मी रंगवलेल्या सापाचं तोंड मिटलेलं हाय. त्याला जीभ न्हाई.”

काका सरळ उभे राहिले. वाचायचा चष्मा काढला, खिशातून दुसरा काढून लावला, एकवार नीट बघितलं. “म्हणजे दावा खरा आहे,” ते म्हणाले, आणि पाठ न फिरवता एकेक पाऊल मागे येत सोफ्यावर चढले.

“सर, ती धामण हाय. विष नसतं. पण जवळ जाऊ नका, मारू नका, नुसती नजर ठेवा. मी आलोच,” रुद्रप्पा म्हणाला. बेळ्ळंदूरच्या सिग्नलला अडकलेल्या माणसाने ‘आलोच’ म्हणणं म्हणजे काय, हे बंगळूरमध्ये राहणाऱ्याला सांगायला नको.

मी तोवर खुर्चीवरून डायनिंग टेबलवर गेले होते. विष नसतं हे मी ऐकलं होतं. मेंदूने ते लिहूनही घेतलं होतं. पायांना मात्र कुणी कळवलं नव्हतं.

आणि मग गोट्या निघाला. गोट्या म्हणजे काकांच्या सुनेने आणलेला फरशी पुसणारा तो गोल यंत्रमानव. काकूंनी त्याचं नाव गोट्या ठेवलं होतं. त्याची वेळ ठरलेली. साप असो, भूकंप असो, वेळ झाली की तो कोपऱ्यातून बाहेर येतो. तो आला, गुरगुरत सरळ चपलांच्या स्टँडकडे गेला आणि सापाला धडकला. साप फुत्कारला. गोट्या मागे सरकला, थोडा वळला आणि पुन्हा धडकला. मग त्यातून एका सभ्य बाईचा आवाज आला. ती इंग्रजीतून सांगत होती, की माझ्या वाटेत काहीतरी आलेलं आहे, कृपया मला दुसऱ्या जागी नेऊन ठेवा.

“पहिल्यांदा हिला कळलं,” काका सोफ्यावरून म्हणाले.

सापाने बिचाऱ्याने असली चिकाटी कधी बघितली नसावी. त्याने जागा सोडली आणि खिडकीच्या पडद्यावरून सरसर वर चढला. वर दांडीला वेटोळं घालून तो गोट्याकडे बघत बसला. गोट्या पडद्याखालची जागा पुन्हा पुन्हा पुसत राहिला.

मला आता काहीतरी करायलाच हवं होतं. रुद्रप्पाला पुन्हा फोन करावा, कुठवर आलास विचारावं, म्हणून मी माझ्या फोनवर, नंबर शोधायचं न सुचून, त्याची वेबसाइट उघडली. मीच बनवलेली. त्यातला कोपरा न् कोपरा मला पाठ. बटण कुठे आहे हे मला झोपेत सांगता आलं असतं. पण बटण दाबलं जाईना. बोट घामाने थबथबलेलं होतं. ओलं बोट काचेवर नुसतं सरकत होतं. कुडत्याला पुसून पुन्हा दाबलं तर बटणाच्या बाजूला लागलं आणि ‘सत्कार’ उघडलं. मागे जायला गेले तर नाग आला. इतक्या वर्षांत मी किती तरी लोकांना अडखळताना बघितलं, आणि दर वेळी मनात म्हटलं, अहो, समोर तर आहे. त्या दिवशी कळलं. समोर असतं, पण घाबरलेल्या माणसाला समोर असं काही नसतंच. त्याला अक्षरं दिसतात, वाचता येत नाहीत. त्याचं बोट ओलं असतं. आणि हे मला कुठल्याही पुस्तकात सापडलं नव्हतं.

फोन लागलाच नाही. बोट सरकता सरकता ‘माझ्याविषयी’ हे पान उघडलं. ते बंद करण्याइतकंही त्राण नव्हतं, म्हणून मी ते वाचायला लागले. मीच लिहून काढलेलं, आणि खरं सांगायचं तर लिहिताना मला फार लांबलचक वाटलेलं. चिकोडीच्या शाळेत हेडमास्तरांच्या टेबलाच्या खणात निघालेला पहिला साप. तो रुद्रप्पाने डब्यात धरला म्हणून आधी मार आणि मग शाबासकी. साप डूख धरत नाही, त्याला माणसाचा चेहरा लक्षात राहत नाही, त्याला फक्त निघून जायचं असतं, हे त्याने आपल्या भाषेत समजावून सांगितलेलं. आणि मध्येच एक वाक्य: ‘मला कुत्र्यांची मात्र फार भीती वाटते.’ तिथे मला हसू आलं. टेबलावर उभं राहून, वर सापाकडे एक डोळा ठेवून मी हसले.

मी अख्खं चरित्र वाचून काढलं. काकांनी विचारलं, “काय वाचताय?” आता आवाज फुटला होता. मग मी त्यांनाही मोठ्याने वाचून दाखवलं. हेडमास्तरांचा भाग त्यांना आवडला. “पुराव्यानिशी पकडला,” ते म्हणाले.

रुद्रप्पा आला तो पाण्याच्या टँकरवर बसून. स्कूटर त्याने सिग्नलजवळच एका दुकानासमोर लावून ठेवली होती. उलट्या बाजूने गर्दी चुकवत चाललेला टँकर त्याने हात करून थांबवला आणि ड्रायव्हरला “स्वल्प बिडी अण्णा, हावु बंदिदे” म्हणून विनवलं, म्हणजे जरा सोडा, साप आलाय. नशीब की तसा आला. एरवी कॉम्प्लेक्सच्या फाटकावर पाहुण्याला ॲपवरून घरच्यांची परवानगी लागते, आणि काका अनोळखी फोन उचलत नाहीत. पण उन्हाळ्यात या शहरात पाण्याचा टँकर कुणी अडवत नाही. त्याला सलाम ठोकून आत घेतात. रुद्रप्पा त्या सलामासकट आत आला.

काकूंनी दार उघडलं. रुद्रप्पाने आधी गोट्याला उचलून उलटा ठेवला. मग पडद्याखाली उभा राहून वर बघत कानडीत, लहान मुलाला बोलवावं तसं, “बा, बा” म्हणाला. धामणीला खाली घेताना त्याने काही कसरत केली नाही. ओल्या कपड्याला दोरीवरून काढावं तसं काढलं आणि पिशवीत सोडलं. मग टेबलावर उभ्या असलेल्या माझ्याकडे बघून तो अतिशय आदराने म्हणाला, “अक्का, समोर खरा साप, तरी तुम्ही एक शब्द बोलला न्हाईत. असली शिस्त मी बघितली न्हाई.”

“अरे, माझी वाचा बसली होती,” मी म्हटलं.

“असं म्हणतात मोठी माणसं,” तो म्हणाला.

ही गोष्ट त्याने गावभर केली. कॅफेतल्या मंडळींपर्यंतही पोचली. आता तिथे माझ्याकडे निराळ्या नजरेने बघतात. चाचणी घेताना तोंड कसं बंद ठेवावं, यावर दोनचार शब्द बोला म्हणून बोलावणी येतात. मी प्रत्येक वेळी सांगते, की बाबांनो, मी भीतीने गोठले होते. ते मान डोलवतात आणि माझा नम्रपणा लिहून घेतात.

त्या दिवशी काकांनी मला तसं जाऊ दिलं नाही. पोहे खाऊन झाल्यावर त्यांनी चाचणीचा निकाल दिला. “तुमचा नाग अनावश्यक आहे. बटण अपुरं आहे. पण चरित्र ठेवा. वाट बघत बसलेल्या माणसाला दुसरं काही करता येत नाही.”

मी घरी येऊन सगळं पुसून टाकलं. आता ती वेबसाइट उघडली की सगळा स्क्रीन म्हणजेच एक बटण आहे. पिवळं. कुठेही बोट लागलं, ओलं असलं, पंजा आपटला, तरी फोन लागावा असं ते केलंय. त्यावर कानडीत, हिंदीत आणि इंग्रजीत एवढंच, की साप आलाय? इथे दाबा. नाग नाही, फोटो नाही, नावसुद्धा नाही. ते बघून रुद्रप्पाचं तोंड उतरलं. “माझं काहीच न्हाई अक्का ह्यात,” तो म्हणाला.

“फोन करून दाखव,” मी म्हटलं.

त्याने माझ्या फोनवर बटण दाबलं, स्वतःचा फोन वाजवला आणि बंद केला. मग पिवळा स्क्रीन गेला आणि दुसरं पान आलं. वर त्याचा फोटो, हसरा. खाली मोठ्या अक्षरांत: ‘रुद्रप्पा निघाला आहे. सापापासून लांब राहा, पण नजर ठेवा. तोवर हे वाचा.’ आणि त्याखाली सगळं चरित्र, मराठीत आणि त्या तिन्ही भाषांत, एक शब्द न गाळता.

त्याने ते वाचलं. पिशवी उचलली आणि गेला.

परवा त्याचा फोन आला. व्हाइटफील्डला कुठल्याशा उंच इमारतीत गेला होता. आवाज गोंधळलेला. “अक्का, त्या पानात काहीतरी बदल करायला पाहिजे.”

“का? काय झालं?”

“मी दारात गेलो तर घरातली सगळी माणसं उभी राहिली. नावानं हाक मारली. सोफ्यावर बसवलं. हेडमास्तर आता कुठं असतात, मार लई लागला होता का, सगळं विचारलं. मी म्हटलं, आधी साप कुठं हाय सांगा. तर घरातल्या बाई म्हणाल्या, ‘तो कपाटात आहे हो, कुठे जात नाही. तुम्ही आधी चहा घ्या.’”